लानबाई भांडायला जातात

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी लानबाईंच्या घरात झाडू दृष्टीस पडत नाही. तो आदल्या संध्याकाळीच माळ्यावर जातो. घरातल्या सुऱ्या, सुया, पार्लरमधल्या कात्र्या, जे जे धारेचं आणि टोकाचं असेल ते लाल कापडात गुंडाळून कपाटात पडतं. चिरायचं ते चिरून आणि धुवायचं ते धुऊन झालेलं असतं. त्या दिवशी केर काढला तर नुकतंच घरात आलेलं भाग्य केराबरोबर उंबऱ्याबाहेर जातं, केस धुतले तर ते पाण्याबरोबर मोरीत जातं, आणि कात्री चालवली तर पुढचं अख्खं वर्ष कापलं जातं. रडायचं नाही, काही फोडायचं नाही, वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. हे वर्ष म्हणजे आपला पाडवा नव्हे आणि एक जानेवारीही नव्हे. हे चिनी वर्ष, चंद्राच्या चालीनं जानेवारीच्या अखेरीला नाहीतर फेब्रुवारीत कधीतरी येणारं.

लानबाई वोंग पुण्याच्या कॅम्पात राहतात. मूळच्या कुठल्या, असं कुणी विचारलं की "भोपळे चौकाच्या मागच्या" असं उत्तर मिळतं, आणि विचारणाऱ्यानं तिथंच थांबावं हे बरं. आजोबा कँटनकडून कलकत्त्याला आले, ते सुतार. वडील कलकत्त्याहून पुण्याला आले, तेही सुतार. कॅम्पातल्या निम्म्या बंगल्यांतली कपाटं त्यांच्या हातची. लानबाईंनी चीन पाहिलेला नाही आणि पाहायची हौसही कधी दाखवली नाही. मराठी त्या मंडईत आणि गिऱ्हाइकांकडून शिकल्या. ते जरासं हिंदीकडे झुकतं, पण भांडायला कुठं कमी पडत नाही.

बासष्ट साली चीनशी युद्ध झालं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यानंतर वडिलांना पोलीस चौकीवर हजेरी लावायला जावं लागे. पूर्वी हा माणूस रंधा मारताना गायचा. चौकीवरून आला की रंधा घ्यायचा आणि गप्प बसायचा. काही विचारलं तर मान हलवायचा. पुढं हजेरी बंद झाली, गप्प बसणं काही बंद झालं नाही. लानबाईंच्या आईनं त्यांना बोलतं करायला सगळं केलं, आवडीचं रांधलं, नवस बोलली, दिवाळीत चिवडा करून मित्रांना बोलावलं. फक्त भांडली नाही. तिला वाटायचं, आधीच दुखावलेला आहे, आणखी कशाला. वडील तसेच, न बोलता गेले. आईचं नेमकं कुठं चुकलं हे लानबाईंना फार उशिरा कळलं, पण कळलं ते पक्कं.

पार्लर त्यांनी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला काढलं. सदाशिव पेठेतल्या मुली तेव्हा लांब वेणी घेऊन कॅम्पात यायच्या, खांद्यापर्यंत केस कापून घ्यायच्या आणि घरी काय सांगायचं याची लानबाईंपुढे उजळणी करून मग बसला उभ्या राहायच्या. त्यांच्या कित्येक थापा लानबाईंनी रचून दिल्या आहेत. नव्वदनंतर गल्लोगल्ली पार्लरं झाली. मग मॉल आले, त्यांतली काचेची सलूनं आली, तिथं केस धुवायलाही वेगळा मुलगा असतो. लानबाईंच्या खुर्च्या दोनच राहिल्या आणि गिऱ्हाइकं जुनीच. नवरा एका हॉटेलात मुख्य आचारी होता, तो वारला. मुलगी ग्रेस लग्न होऊन टोरांटोला गेली, दोन वर्षांसाठी म्हणून. त्याला आता अकरा वर्षं झाली. मुलगा विल्सन इंजिनिअर झाला, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, आणि तिथंच त्याला ऋचा भेटली.

ऋचा कोथरूडची. वडील श्रीधरराव भानू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आई हेमाताई. एकुलती एक मुलगी. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि मग दोन्ही घरी सांगितलं. कॅम्पात त्यावर जो तमाशा झाला तो तीन मजल्यांनी ऐकला. लानबाईंना कलकत्त्याची मुलगी करायची होती, बोलणीही चालू होती. त्या विल्सनला वाटेल ते बोलल्या, ऋचाच्या तोंडावर बोलल्या, मग पुरेसं बोलून झाल्यावर नूडल्स करायला उठल्या. कोथरूडला मात्र काहीच झालं नाही. श्रीधररावांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि ते आतल्या खोलीत गेले. मुलीशी ते पुढं चार वर्षं बोलले नाहीत.

नव्या सुनेचं पहिलं चिनी वर्ष कसं उजाडलं तेही सांगितलं पाहिजे. विल्सननं तिला सण आहे एवढंच सांगितलं होतं, आणि हे पुरुषांचं सांगणं असंच असतं. सण म्हटल्यावर कोथरूडची मुलगी जे करील ते ऋचानं केलं. पहाटे उठली, डोक्याला तेल लावून कढत पाण्यानं न्हाली. झाडू कुठं दिसेना म्हणून शोधून माळ्यावरून काढला, घर लख्ख झाडलं, केर खाली जाऊन टाकून आली. शेवटी दारात रांगोळी काढली, पांढरीशुभ्र. चिनी घरात पांढरा रंग सुतकाचा. लानबाई उठून बाहेर येतात तर ओले केस पाठीवर सोडून सून हसत उभी, "हॅपी न्यू इयर, मम्मी."

लानबाई सोफ्यावर बसल्या. बोलायची सोय नव्हती, कारण पहिल्या दिवशी घरात रागाचा शब्द काढायचा नसतो. रडायचीही नव्हती. त्यांनी विल्सनला खालच्या कचराकुंडीकडे पिटाळलं आणि आपला केर ओळखून परत आणायला लावला. तो केर चार दिवस घराच्या कोपऱ्यात कागदाखाली पडून होता. पाचव्या दिवशी ही सगळी बंधनं सुटतात. केर काढता येतो, तसं ओरडताही येतं. लानबाई चार दिवसांचं साठवलेलं सगळं ओरडल्या. ऋचानं ऐकून घेतलं नाही. मला कुणी सांगितलं होतं का, मी काय आईच्या पोटातून शिकून आले का, असं तिनं चांगलं ठणकावून विचारलं. त्या दिवशी लानबाईंना सून आवडली. ते वर्ष पुढं बरं गेलं, विल्सनला बढती मिळाली, जिन्यात पडूनही लानबाईंना काही झालं नाही. त्यावरून दुसऱ्या कुणी झाडू माळ्यावर टाकायचं सोडलं असतं. लानबाईंनी असा विचार केला की मुलीनं झाडून काढलं ते मागच्या वर्षाचं शिळं भाग्य असणार, नवं जरा उशिरा पोचलं. रूढी त्यांनी कधी मोडली नाही, पण तिच्याशी वाद घालायला त्या कधी बिचकल्याही नाहीत.

त्यांच्या मनाला खरा काटा टोचायचा तो दुसऱ्या दिवशी. दुसरा दिवस माहेरवाशिणींचा. लग्न झालेल्या मुलीनं पहिल्या दिवशी माहेरी पाऊल टाकलं तर माहेरचं भाग्य घटतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी जाते, नवऱ्याला घेऊन, जोडीजोडीनं संत्री आणि मिठाई घेऊन. सासू तिला सकाळी स्वतः तयार करून पाठवते. ज्या घरची सून दुसऱ्या दिवशी घरातच बसून राहते त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. आता कॅम्पात हळू आवाजात बोलायला चिनी घरं उरली होती किती, पण लानबाईंना स्वतःचा आवाज पुरेसा होता.

पहिल्या वर्षी त्यांनी ऋचाला लाल ड्रेस घालून, संत्र्यांची पिशवी देऊन विल्सनबरोबर कोथरूडला पाठवलं. हेमाताईंनी दार उघडलं. श्रीधरराव खुर्चीवरून उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी ऋचा गेली नाही.

हेमाताईंनी मात्र एक मार्ग काढला होता. त्या दर शनिवारी लानबाईंच्या पार्लरमध्ये भुवया कोरून घ्यायला यायच्या. आयुष्यात ज्या बाईनं पावडरच्या पलीकडे काही लावलं नाही तिच्या भुवया साठाव्या वर्षी कोथरूडमध्ये सगळ्यांत रेखीव होत्या. काम दोन मिनिटांचं. मग मायलेकी आतल्या खोलीत बसायच्या, आणि लानबाई बाहेर हेअर ड्रायर उगाच चालू ठेवायच्या, म्हणजे बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये.

हे असंही चाललं असतं. पण २००६ च्या जानेवारीत विल्सन आणि ऋचा दोघांनाही कंपनीनं अमेरिकेतल्या फिनिक्सला पाठवायचं ठरवलं. फेब्रुवारीअखेर निघायचं, दोन वर्षांसाठी. दोन वर्षं हा आकडा लानबाईंनी ग्रेसच्या तोंडून ऐकलेला होता. तिकडं गेल्यावर घर होतं, मुलं होतात, तिकिटं महागतात. तिकडून फोनवर लोक हवेबद्दल बोलतात. इथून जाताना ज्याच्याशी बोलणं चालू आहे त्याच्याशी पुढं निदान हवेबद्दल तरी बोलणं होतं. ज्याच्याशी बोलणंच नाही त्याच्याशी ते सातासमुद्रापलीकडून सुरू झालेलं लानबाईंनी बघितलं नव्हतं. ऋचा बापाच्या तोंडून एक शब्द न ऐकता विमानात बसली तर तो शब्द कायमचा राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

त्या वर्षी पहिला दिवस रविवारी आला. सोमवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, दोघांनीही सुटी काढली होती. सकाळी टोरांटोहून ग्रेसचा फोन आला. तिच्याकडे गुडघाभर बर्फ होतं. लानबाई बर्फाबद्दल ऐकत होत्या आणि समोर गॅलरीत ऋचा घडी केलेले कपडे उलगडून परत घडी घालत होती. फोन ठेवल्यावर लानबाईंनी संत्र्यांची पिशवी टेबलावर आणून ठेवली.

"जा एकदा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी इथं नसणार तू."

"नको, मम्मी. मी गेले की बाबा उठून आत जातात. आई दार धरून उभी राहते, आणि मग चार दिवस तिचं डोकं दुखतं. मला काही होत नाही आता. तिला होतं."

मला काही होत नाही म्हणणाऱ्या मुलीनं त्याच टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घातली. संध्याकाळपर्यंत लानबाई संत्र्यांकडे बघत बसल्या आणि मग त्यांच्या डोक्यात तिसरा दिवस आला.

तिसऱ्या दिवसाला त्यांच्याकडे लाल तोंडाचा दिवस म्हणतात. त्या दिवशी कुणी कुणाकडे जात नाही, कारण गेलं की भांडण होतंच, कितीही गोड माणसं असली तरी होतं. आणि त्या दिवशी जुंपलेलं भांडण वर्षभर पुरतं असंही म्हणतात. म्हणून लोक घरात बसतात, आणलेलं संपवतात, लवकर झोपतात. लानबाईंनी आयुष्यात तिसऱ्या दिवशी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आजारी पडल्या तरी डॉक्टरकडे चौथ्या दिवशी जात. पण आज त्यांनी रूढीकडे उलट्या बाजूनं पाहिलं. दोनदा संत्री नेऊन काय झालं होतं? गोड दिवशी गोड तोंड घेऊन गेलं की तो माणूस सभ्यपणे आत निघून जातो. त्या घराला भांडणच पाहिजे होतं, आणि भांडणाची खात्री देणारा अख्ख्या वर्षात एकच दिवस होता.

मंगळवारी मुलं कंपनीच्या बसनं गेली. लानबाईंनी लाल स्वेटर चढवला, पिशवी मुद्दाम घरी ठेवली आणि त्या रिकाम्या हातानं निघाल्या. भांडायला जाताना कुणी फळं नेत नाही. रिक्षावाल्याशी कर्वे रस्त्यानं जायचं की पौड रस्त्यानं यावरून लकडी पुलाच्या आधीच वाजलं. तो म्हणाला, मावशी, मग तुम्हीच चालवा. लानबाईंना बरं वाटलं. दिवस काम करत होता.

भानूंच्या दारावर "विक्रेत्यांनी बेल वाजवण्यापूर्वी विचार करावा" अशी पाटी होती. हेमाताईंनी दार उघडलं आणि लानबाईंना बघून त्यांनी आधी स्वतःच्या भुवईवर हात नेला, जणू चोरी तिथंच सापडणार होती. आत श्रीधरराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची व्यवस्थित घडी केली, चष्मा काढला आणि ते उठले.

"बसा, श्रीधरराव," लानबाई दारातूनच म्हणाल्या. "आत जाऊ नका. मी भांडायला आलेय."

चार वर्षांत त्या घरी लोक समजूत घालायला आले होते, कानगोष्टी करायला आले होते, एक चुलतभाऊ तर समाजसुधारणेचा इतिहास सांगून गेला होता. असं सांगून भांडायला कुणी आलं नव्हतं. श्रीधरराव जागीच थांबले.

"विषय काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलत नाही, हा."

"मग भांडण कसं करणार? तुम्ही एकट्याच?"

लानबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तिसऱ्या दिवसाचं सगळं सांगितलं. श्रीधररावांनी उभ्यानंच ऐकलं. निवृत्तीनंतर त्यांनी गणपतीतल्या लाउडस्पीकरपासून वास्तुशांतीपर्यंत सगळ्याविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रं लिहिलेली होती.

"ही अंधश्रद्धा आहे," ते म्हणाले.

"असेल. पण तुम्ही बोललात की नाही?"

हेमाताईंनी पदर तोंडाला लावला. श्रीधरराव बसले. आपण पत्रिका, मुहूर्त असलं काही मानत नाही, आयुष्यात मानलं नाही, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. जात मानत नाही, कुणाला कधी विचारली नाही, हेही सांगितलं.

"पत्रिका नाही, जात नाही, मग माझ्या मुलाचं काय बघितलंत तुम्ही?" लानबाईंनी विचारलं. "नाक?"

"तुमच्या मुलाच्या नाकाशी माझं भांडण नाही. मुलाशीच नाही. तो रस्त्यात समोर आला तर मी त्याला ओळखणारही नाही."

"तेच सांगतेय. चार वर्षं झाली. जावई ओळखता येत नाही."

आणि इथं श्रीधररावांचा आवाज चढला. हा आवाज धरणावर मजुरांना ऐकू जायचा, घरात तो निघाला नव्हता. त्यांना लग्न कसं कळलं ते त्यांनी सांगितलं. नोंदणी कचेरीच्या फळ्यावर लग्नाआधी महिनाभर नावं लागतात, ती त्यांच्या खात्यातल्या एका माणसानं वाचली आणि फोन करून अभिनंदन केलं. श्रीधररावांनी विचारलं, कशाबद्दल? मग महिनाभर ते वाट बघत राहिले, आज सांगेल, उद्या सांगेल. मुलगी रोज समोर बसून जेवत होती. तिनं लग्न करून आल्यावर सांगितलं.

"तिला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल," लानबाई म्हणाल्या.

"म्हटलंच असतं. का नसतं म्हटलं? एकुलती एक मुलगी, मुलाची माहिती नाही, घर माहीत नाही. मी नाही म्हटलं असतं, ती रडली असती, हिनं जेवण टाकलं असतं, दोन महिने हे चाललं असतं आणि मग मी हो म्हटलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. ते दोन महिने माझे होते. ते मला न विचारता तिनं परस्पर वजा केले."

लानबाईंना एवढं सगळं अपेक्षित नव्हतं. गेली चार वर्षं त्या समजत होत्या की या माणसाला आपल्या डोळ्यांची ठेवण नको आहे, आणि या समजुतीवर त्यांनी एक जुना राग पोसला होता, चौकीवरून परतणाऱ्या बापाच्या वेळेपासूनचा. तो आता कुठं ठेवायचा हा प्रश्नच पडला. पण भांडण अर्धं टाकून विचार करत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मला कुठं विचारलं होतं? मलाही लग्न करूनच सांगितलं. मी घर डोक्यावर घेतलं. तुम्ही आत जाऊन बसलात."

"भांडून काय मिळालं तुम्हाला?"

"सून मिळाली."

श्रीधररावांनी दुसरीकडून सुरुवात केली. आपल्याला काही कळत नाही अशा भ्रमात कुणी राहू नये, दर शनिवारी हिच्या भुवयांना एकाएकी काय होतं हे आपण पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, असं ते म्हणाले. सांगताना ते लानबाईंकडे बघत होते, पण उत्तर मागून आलं.

"कळत होतं तर बरोबर यायचं होतं," हेमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ घालू का विचारतानाचा. "तुमचे दोन महिने गेले, कबूल. माझी चार वर्षं गेली. ती मी कुणाकडे मागायची?"

लानबाई उठल्या.

"दोन महिने पाहिजेत ना तुम्हाला, मग घ्या. ती फेब्रुवारीअखेर जातेय अमेरिकेला, म्हणजे पुरे नाही मिळणार, त्याला मी काय करू. जरा घाईनं नाही म्हणा. पण तोंडानं म्हणा, आणि तिला म्हणा. दाराला काय म्हणता?"

अमेरिकेचं श्रीधररावांना माहीत नव्हतं. हेमाताईंना शनिवारीच कळलं होतं, पण सांगणार कसं, शनिवार अधिकृत नव्हता ना. श्रीधररावांनी एकदम मान वळवली, आणि तेवढ्यानं लानबाईंना कळलं की घाव बसला. बरा बसला की वाईट, हे मात्र कळेना. हेमाताईंनी चहाचं विचारलं. भांडणाच्या घरी आमच्यात चहा घेत नाहीत, असं लानबाईंनी सांगितलं. ही रूढी त्यांनी तिथंच जन्माला घातली. खरं म्हणजे चहा घेतला असता तर भांडण तिथंच गोड होऊन संपलं असतं.

परत येताना त्या बसनं आल्या. खिडकीशी बसल्यावर मघाचा सगळा जोर ओसरला. बाप-मुलीचं प्रकरण, आपण कोण मधे पडणारे? ऋचाला कळलं तर ती काय म्हणेल? आणि तिसऱ्या दिवशीचं भांडण वर्षभर पुरतं, हे आपणच तर लहानपणापासून ऐकत आलो. आईनं एवढी वर्षं जे टाळलं ते आपण आज भर दिवसा, सांगून, दुसऱ्याच्या घरात जाऊन केलं. डेक्कनपर्यंत त्यांना स्वतःचा राग येत राहिला. मग गर्दीत कुणीतरी पायावर पाय दिला, त्याला दोन शब्द सुनावल्यावर डोकं जरा चालू लागलं. वर्षभर पुरेल तर पुरू दे. वर्षभर भांडायचं म्हणजे वर्षभर बोलायचं. बापाच्या न बोलण्याला तर अठरा वर्षं लागली होती संपायला, आणि तेही तो संपला म्हणून.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. कुठं गेला होतात, असं ऋचानं संध्याकाळी विचारलं, तर पाय मोकळे करायला, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी? असं म्हणून विल्सन आईकडे बघत राहिला. त्याच्या आठवणीत ही पहिलीच वेळ होती.

चौथ्या दिवशी चुलीचा देव परत येतो. वर्ष संपायच्या आठवडाभर आधी तो वर जातो, घरात वर्षभर काय चाललं ते सांगतो, आणि चौथ्या दिवशी आपल्या जागी परत येऊन बसतो. त्याच्या स्वागताला घरच्या बाईनं स्वयंपाकघरात असावं लागतं. म्हणून बुधवारी संध्याकाळी लानबाई गॅसपाशी उभ्या होत्या, उदबत्त्या लावलेल्या, कढईत मासा, आणि बाहेर फोन वाजला तेव्हा त्यांना हलता आलं नाही. ऋचानं उचलला.

तिचा "हॅलो" नेहमीसारखा होता. त्यानंतर ती काही बोललीच नाही. लानबाईंनी मान बाहेर काढून बघितलं. ऋचा भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडचा आवाज धरणावरचा असल्यामुळे स्वयंपाकघरात नीट ऐकू येत होता.

"त्या बाईंना सांग की त्यांचा मुद्दा मी विचारात घेतला आहे. आणि दुसरं. या लग्नाला माझी संमती नाही. ऐकलंस?"

ऋचाचं तोंड उघडं राहिलं. चार वर्षांत बापाचं पहिलं बोलणं हे होतं. ती लानबाईंकडे बघायला लागली, काही समजत नाही अशी, डोळे भरलेले. आता ही बरं बाबा म्हणून फोन ठेवणार, किंवा नुसती रडणार, आणि तो माणूस पुन्हा चष्मा पुसायला लागणार, हे लानबाईंच्या लक्षात आलं. बंधनं सुटायला अजून एक रात्र होती, तरी त्यांनी झारा वर करून जोरजोरानं खूण केली. भांड. उत्तर दे त्याला.

ऋचानं नाक ओढलं.

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "पण का नाही, ते सांगा."

श्रीधरराव सांगायला लागले. पहिला मुद्दा, मुलाची माहिती नाही. माहिती मिळवायला काय झालं होतं, ऋचानं विचारलं. ते माझं काम नव्हतं, तुझं होतं, ते म्हणाले. तिनं त्यांना मधेच तोडलं, त्यांनी तिला तोडलं, तिचा आवाज चढला. लानबाईंनी मासा उलटला, गॅस बारीक केला आणि चुलीच्या देवासमोरच्या उदबत्त्या जरा मागं सरकवल्या. दुसऱ्या मुद्द्याला अजून सुरुवातही झाली नव्हती.